कॅमेरा कुठे उभा आहे?

एखादा सिनेमा वादात सापडला की आपल्याकडे चर्चेचा क्रम ठरलेला असतो. कोणता संवाद आक्षेपार्ह होता, खलनायकाचे नाव काय ठेवले, कोणत्या प्रसंगात इतिहासाची मोडतोड झाली, यावर दोन-चार दिवस वाद होतो. दोन्ही बाजू थकल्या की विषय संपतो. या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न मी क्वचितच ऐकला आहे. त्या प्रसंगात कॅमेरा कुठे ठेवला होता?

प्रश्न तंत्रज्ञांचा वाटतो, पण तो प्रेक्षकाचाही आहे. पडद्यावरचा माणूस आपल्याला थेट दिसत नाही, कुणाच्या तरी नजरेतून दिसतो. कॅमेरा जमिनीलगत ठेवला की समोरचा माणूस उंच होतो. गच्चीवर नेला की तोच माणूस मुंगीएवढा होतो. चेहऱ्याजवळ आणला तर त्याच्या पापणीची थरथर कळते. लांबून, लपून टिपला तर तो पाळतीवरचा संशयित वाटू लागतो. संवाद ऐकू येतो, त्यामुळे त्याच्याशी भांडता येते. कॅमेऱ्याची जागा ऐकू येत नाही. ती जिथे असेल तिथे आपण नकळत जाऊन उभे राहतो.

म्हणून शॉट आणि अँगलचा इतिहास मला नेहमी समाजाचा इतिहास वाटत आला आहे. कुणी कुणाकडे कुठून पाहिले, याची ती नोंद असते. महाराष्ट्रात ही नोंद शंभर वर्षांहून जुनी आहे आणि तिच्यात मुस्लिम कलावंतांचा वाटा मोठा आहे. आज आपल्याविषयी बनणाऱ्या चित्रांवर आपण संतापतो. त्या संतापाला थोडी समज जोडायची असेल तर हा इतिहास माहीत असायला हवा.

अंधारी खोली

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. ‘कॅमेरा’ हा शब्द अरबी ‘कमरा’वरून आला, असा संदेश आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर नेमाने फिरतो. तो खरा नाही. ‘कॅमेरा’ हा लॅटिन शब्द आहे आणि त्याचा अर्थ खोली. आपण उर्दू-हिंदीत वापरतो तो ‘कमरा’ याच लॅटिन मुळातून पोर्तुगीजांबरोबर हिंदुस्थानात आला. म्हणजे हे दोन शब्द बाप-लेक नव्हेत, चुलत भाऊ आहेत.

खोटा अभिमान बाळगायची गरजच नाही, कारण खरी गोष्ट त्याहून मोठी आहे. बसऱ्यात जन्मलेले आणि कैरोत राहून काम केलेले इब्न अल-हैथम यांनी अकराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘किताब अल-मनाझिर’ हा प्रकाश आणि दृष्टीवरचा ग्रंथ लिहिला. डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला जाऊन भिडतात, म्हणून आपल्याला दिसते, असे युक्लिड आणि टॉलेमी यांच्यासारखे ग्रीक पंडित मानत. इब्न अल-हैथम यांनी हे उलटे केले. प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो, हे त्यांनी प्रयोग करून मांडले. त्यासाठी त्यांनी अंधारी खोली वापरली. भिंतीला एक छिद्र, बाहेर ओळीने ठेवलेले दिवे आणि आतल्या भिंतीवर पडणारे प्रकाशाचे ठिपके. एक दिवा झाकला की त्याचाच ठिपका नाहीसा होतो, बाकीचे जागच्या जागी राहतात. म्हणजे प्रत्येक दिव्याचा प्रकाश सरळ रेषेत, दुसऱ्यात न मिसळता छिद्रातून आत येतो. पुढे या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर झाले आणि युरोपातले अभ्यासक कित्येक शतके तो वाचत राहिले.

या ग्रंथातला आणखी एक विचार सिनेमाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. बघणे हे फक्त डोळ्याचे काम नाही, त्यात मनाचा निवाडाही असतो, असे इब्न अल-हैथम सांगतात. वस्तू किती मोठी आहे, हे आपण तिच्या कोनावरून आणि अंतराच्या अंदाजावरून ठरवतो. अंदाज चुकला की दिसणेही चुकते. दृष्टीच्या अशा चुकांवर त्यांनी विस्ताराने लिहिले आहे. सिनेमाचा सगळा अँगल याच जागी काम करतो. तो आपल्या अंदाजाला हवा तिकडे वळवतो.

खुर्चीत बसलेला कॅमेरा

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची चित्रे दाखवली गेली आणि हिंदुस्थानात सिनेमा आला. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. त्या काळच्या चित्रपटांत कॅमेरा बहुधा नाटकाच्या प्रेक्षकासारखा वागतो. समोरच्या रांगेत खुर्ची टाकून बसावे तसा तो एका जागी स्थिर. पात्रे डावीकडून येतात, उजवीकडे जातात, डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण दिसतात. यालाच आपण लाँग शॉट म्हणतो. राजा, ऋषी, दासी सगळे सारख्याच अंतरावर. कॅमेऱ्याने अजून कुणाची बाजू घेतलेली नाही.

मग कॅमेरा जागचा हलला. फाळक्यांच्याच ‘कालिया मर्दन’मध्ये (१९१९) सुरुवातीला त्यांची लहान मुलगी मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर चेहऱ्यावरचे वेगवेगळे भाव करून दाखवते आणि मग तीच बाळकृष्ण होते. आधी मुलीचा चेहरा, नंतर देव. चेहरा जवळून दाखवला की प्रेक्षक त्या माणसाच्या मनात शिरू शकतो, ही क्लोज-अपची ताकद इथे दिसते. पण तिच्याबरोबर एक जबाबदारीही आली. ज्याचा चेहरा जवळून दाखवला त्याचे दुःख आपले होते. ज्याचा दाखवलाच नाही, तो गर्दीतच राहतो. क्लोज-अप कुणाला द्यायचा, हा तेव्हापासून न्यायाचा प्रश्न झाला.

कोल्हापूरचे साहेबमामा

मराठी सिनेमातली कॅमेऱ्याची खरी तालीम कोल्हापुरात झाली. बाबूराव पेंटर मूळचे चित्रकार. त्यांनी परदेशी यंत्राची वाट न बघता स्वतःचा कॅमेरा घडवला. त्यांच्या हाताखाली शांताराम, विष्णुपंत दामले, केशवराव धायबर आणि शेख फत्तेलाल तयार झाले. हे फत्तेलाल म्हणजे कागलचे. सगळा स्टुडिओ त्यांना साहेबमामा म्हणे. १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली, तिच्या संस्थापकांपैकी ते एक होते. पुढे कंपनी पुण्याला आली. प्रभातच्या चित्रपटांतली घरे, देवळे, राजवाडे यांच्या कलादिग्दर्शनावर साहेबमामांचा हात फिरलेला आहे.

पुण्याच्या स्टुडिओतला पहिला चित्रपट ‘अमृतमंथन’ (१९३४). त्यात शांतारामांनी टेलिफोटो भिंग वापरून राजगुरूचा डोळा पडदाभर दाखवला. हिंदी आवृत्तीत तो डोळा चंद्रमोहन यांचा होता. धर्माच्या नावाने बळी मागणारा हा राजगुरू. त्याच्या क्रौर्यावर भाषण देण्याऐवजी शांतारामांनी कॅमेरा त्याच्या डोळ्यात घातला. क्लोज-अप माया लावतो तसा धाकही घालतो, हे मराठी प्रेक्षकाने तिथे पाहिले.

दोन वर्षांनी, १९३६ मध्ये, दामले-फत्तेलाल जोडीचा ‘संत तुकाराम’ आला. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. वारकरी परंपरेवरच्या या चित्रपटाचा एक दिग्दर्शक मुस्लिम होता, हे आज सांगितले की अनेकांना नवल वाटते. त्या काळी कुणाला वाटले नाही, यातच खूप काही आले.

मला हा चित्रपट आवडतो तो त्यातल्या कॅमेऱ्याच्या उंचीमुळे. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम भजनात बसलेला असतो तेव्हा कॅमेराही बहुतेक वेळा त्याच्यासोबत बसल्यासारखा असतो. त्याला मोठे करण्यासाठी फार खाली जात नाही. गौरी यांनी साकारलेली त्याची बायको म्हशीशी बोलते, घरात दाणा नाही म्हणून नवऱ्यावर कावते, चिडून थेट देवळात जाऊन विठोबाला जाब विचारते. तिच्याकडेही कॅमेरा तितक्याच बरोबरीने बघतो. संताला चमत्कार दिला आणि तिला विनोद दिला, असे होत नाही. शेवटी तुकाराम वैकुंठाला जातो आणि ती जमिनीवर, आपल्या संसारात राहते. प्रेक्षकाचे डोळे वर लागतात, पण जीव तिच्यात अडकतो. दिग्दर्शकांनी आधीचा सगळा वेळ आपल्याला तिच्या अंगणात बसवलेले असते, म्हणून हे घडते.

दोघे एकाच चौकटीत

शॉटचा आणखी एक साधा प्रकार म्हणजे टू-शॉट. दोन माणसे, एक चौकट. दिग्दर्शकाला दोघांत फूट दाखवायची असते तेव्हा तो त्यांना वेगवेगळ्या शॉटमध्ये टाकतो. आधी हा बोलतो, मग तो बोलतो, मधे कात्री. दोघांना एकत्र ठेवायचे असते तेव्हा तो कात्री आवरतो.

१९४१ मध्ये शांतारामांनी मराठीत ‘शेजारी’ आणि हिंदीत ‘पडोसी’ केला. आदल्याच वर्षी, मार्च १९४० मध्ये, मुस्लिम लीगने लाहोरचा ठराव केला होता. देशात दोन समाज वेगळे होण्याची भाषा चालू असताना या चित्रपटात एका गावचे दोन म्हातारे शेजारी, एक पाटील आणि एक मिर्झा, बुद्धिबळ खेळत बसतात. धरण बांधायला आलेला भांडवलदार त्यांच्यात वितुष्ट आणतो. शेवटी धरण फुटते आणि दोघे एकमेकांचा हात धरून मरतात.

हिंदी आवृत्तीत शांतारामांनी हिंदू ठाकूर मझहर खान यांना दिला आणि मुस्लिम मिर्झा गजानन जागीरदारांना. नावे आणि धर्म यांची अदलाबदल केल्याने काहीच बिघडत नाही, हे त्यांनी निवडीतूनच दाखवले. आणि बुद्धिबळाच्या पटाच्या दोन बाजूंना बसलेली ती दोन माणसे एकाच चौकटीत, एकाच उंचीवर आहेत. कुणी यजमान नाही, कुणी पाहुणा नाही. ‘हिंदू-मुस्लिम भाई भाई’ हे वाक्य ऐकून आपण कंटाळलो आहोत, कारण ते नुसते बोलले जाते. ‘शेजारी’मध्ये ते चौकटीत बसवले होते.

खालून वर, वरून खाली

गुजरातमधल्या बिलिमोरा भागातून मुंबईत आलेल्या मेहबूब खान यांचे शालेय शिक्षण नावापुरतेच. एक्स्ट्रा म्हणून कामे करत ते दिग्दर्शक झाले. १९४० मध्ये त्यांनी ‘औरत’ केला आणि १९५७ मध्ये तीच कथा ‘मदर इंडिया’ म्हणून रंगीत पुन्हा सांगितली. दोन्हींचे छायाचित्रण फरेदून इराणी यांचे. ‘मदर इंडिया’तली खांद्यावर नांगर घेतलेली नर्गिस आठवा. तिला खालून टिपले आहे. मागे शेत नाही, घर नाही, फक्त आभाळ. कर्जात बुडालेली बाई परिस्थितीने वाकली आहे, पण कॅमेरा तिला वाकू देत नाही. याला लो अँगल म्हणतात.

आजवर खालून टिपले जायचे ते राजे, देव आणि पुतळे. मेहबूब यांनी ती जागा शेतात राबणाऱ्या बाईला दिली. अर्थात लो अँगल म्हणजे नेहमी सन्मान, असे समीकरण मांडता येत नाही. याच कोनातून सावकारही टिपता येतो आणि मग तो छातीवर बसल्यासारखा वाटतो. कोन एकच, पण कोणाच्या पायाशी बसून वर बघायचे आहे, यावर अर्थ ठरतो.

या कोनाचा सर्वांत धाडसी उपयोग मला ‘मुगल-ए-आझम’मध्ये (१९६०) दिसतो. के. आसिफ यांनी अंधेरीच्या मोहन स्टुडिओत शीशमहल उभारला. आरशांच्या खोलीत चित्रीकरण करणे हे छायाचित्रकारासाठी मोठे संकट असते. प्रत्येक दिव्याची तिरीप भिंगात येते, खुद्द कॅमेराही आरशात दिसायची भीती. आर. डी. माथुर यांनी दिव्यांचा थेट झोत टाळून परावर्तित प्रकाशाने हा प्रश्न सोडवला. पण नुसती करामत म्हणून तो प्रसंग लक्षात राहिला नसता. दरबारात बादशहा उंचावर बसतो, कनीज खाली नाचते. बादशहाची नजर वरून खाली, ही सत्तेची नेहमीची रचना. अनारकली भर दरबारात प्रेमाची कबुली देते आणि छताच्या आरशांत तिच्या शेकडो प्रतिमा उमटतात. अकबराला मान वर करून त्या बघाव्या लागतात. हिंदुस्थानचा बादशहा एका दासीकडे खालून वर बघतो. तख्त जागेवर आहे, फक्त नजरेची दिशा उलटली आहे.

पडदा, गच्ची आणि घर

साठच्या दशकात ‘मुस्लिम सोशल’ या प्रकाराला बहर आला. ‘चौदहवीं का चाँद’ (१९६०), ‘मेरे महबूब’ (१९६३) आणि नंतर ‘पाकीज़ा’ (१९७२). या चित्रपटांत कॅमेरा चिकाच्या पडद्यामागे, नकाबाच्या कडेने, झरोक्यातून हळुवार फिरतो. चेहरा अर्धा झाकलेला, मग एका क्षणी उघडा. नजर हाच या कथांचा विषय होता, त्यामुळे शॉटही नजरेचे खेळ खेळत. या चित्रपटांनी आपल्या तहजीबीकडे अदबीने पाहिले, हे मान्य करायला हवे.

तरीही या कॅमेऱ्याला फक्त हवेल्यांचे दरवाजे ठाऊक होते. लखनौचा नवाब त्याने नीट न्याहाळला. भिवंडीचा विणकर, मिरजेचा तंतुवाद्य कारागीर, मराठवाड्यातला शेतमजूर, गावोगावचे तांबोळी, मुलाणी, बागवान, अत्तार त्याच्या चौकटीत आले नाहीत. घरात मराठी मिसळलेली दखनी बोलणारा, वारीत दिंडीला पाणी पाजणारा, पीकपाण्याची चिंता करणारा मुसलमान देशाला पडद्यावर फारसा दिसलाच नाही. पुढे जेव्हा मुसलमानाची प्रतिमा बदलून भीतीदायक झाली, तेव्हा तिला खोडून काढणारी दुसरी, साधी प्रतिमा प्रेक्षकाच्या मनात नव्हतीच. जुना नवाब तेवढा होता, आणि नवाबाची कीव करता येते, त्याच्याशी शेजार होत नाही.

याला ठळक अपवाद म्हणजे एम. एस. सथ्यू यांचा ‘गर्म हवा’. इस्मत चुगताई यांची कथा, कैफी आझमी आणि शमा जैदी यांची पटकथा, ईशान आर्य यांचे छायाचित्रण. उसना आणलेला कॅमेरा आणि एकच भिंग, एवढ्यावर काम भागवले. चित्रीकरणाच्या वेळी ध्वनिमुद्रणाची सोय नव्हती, आवाज नंतर मुंबईत भरले. आग्र्यात चित्रीकरणाला विरोध होऊ लागला, तेव्हा लोकांचे लक्ष वेगळीकडे वळवण्यासाठी फिल्म न भरलेला दुसरा कॅमेरा घेऊन एक तुकडी शहरात हिंडवली. एक कॅमेरा गर्दी ओढायला आणि दुसरा खरे टिपायला. नंतर सेन्सॉरने काही महिने अडवल्यामुळे चित्रपट प्रदर्शित व्हायला १९७४ उजाडले. तोवर सलीम मिर्झा साकारणारे बलराज साहनी हयात नव्हते. डबिंग संपवून दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिल १९७३ रोजी, ते गेले.

या चित्रपटातली फाळणी दंगलीच्या लाँग शॉटमध्ये दिसत नाही. ती घराच्या आत दिसते. नातेवाइकांना सोडायला स्टेशनवर गेलेला सलीम मिर्झा, परतीच्या वाटेवर टांगेवाल्याशी दोन शब्द. हवेली सोडायची वेळ येते तेव्हा म्हातारी आई लाकडाच्या कोठडीत लपून बसते. जिथे नवरी होऊन आली ते घर सोडायला ती तयार नाही. कॅमेरा त्या घरात इतका वेळ राहिलेला असतो की तिला बाहेर काढतात तेव्हा आपल्यालाच कुणीतरी उठवल्यासारखे वाटते. शेवटी सलीम मिर्झा टांग्यातून उतरून मोर्चात मिसळतो. सबंध चित्रपटात जवळून पाहिलेला चेहरा गर्दीत जातो, आणि ती गर्दी आपल्याला परकी वाटत नाही. आधी क्लोज-अप, मग लाँग शॉट, हा क्रम फार महत्त्वाचा आहे. माणूस आधी ओळखीचा झाला की त्याच्या जमावाची भीती वाटत नाही.

मोहल्ल्यावरची नजर

नंतरच्या काळात हा क्रम बहुतेक ठिकाणी उलटला. सईद मिर्झा यांचा ‘सलीम लंगड़े पे मत रो’ (१९८९) मुंबईच्या गल्लीत त्या पोरांच्या उंचीवर उतरला. त्यांच्याच ‘नसीम’मध्ये (१९९५) १९९२ चे अखेरचे महिने एका आजोबा-नातीच्या घरातून दिसले. आजोबा होते कैफी आझमी. पण हे चित्रपट थोड्यांनी पाहिले. जास्त लोकांनी पाहिले ते वेगळे काहीतरी.

त्या ‘वेगळ्या’ची ठरलेली भाषा आता कुणीही ओळखेल. आधी वरून दिसणारी दाट वस्ती, मग मिनार, त्यावर अजानचा आवाज. नमाजाच्या रांगा पाठीमागून, चेहरे नाहीत, फक्त टोप्या. गल्लीतला माणूस लांबच्या भिंगातून, जणू समोरच्या इमारतीत कुणीतरी दबा धरून बसले आहे. यात एकही शब्द वाईट बोललेला नसतो, त्यामुळे आक्षेप घ्यायला जागा सापडत नाही. पण प्रेक्षकाला एव्हाना एका जागी उभे केलेले असते, मोहल्ल्याच्या बाहेर आणि वर. तिथून शेजारी दिसत नाही, फक्त ‘भाग’ दिसतो. पोलिसी भाषेत ज्याला संवेदनशील म्हणतात तो.

बातम्यांचा कॅमेराही याच जागेवरून बघायला शिकला. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, मालेगावात मशीद आणि कब्रस्तानाच्या परिसरात स्फोट झाले. मेलेले बहुतेक मुसलमान होते. संशयित म्हणून पकडलेले नऊ जणही मुसलमान. २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. तोपर्यंत एक जण जगात नव्हता. संशयित म्हणून कुणाला नेतात तेव्हा बुरख्याने झाकलेले तोंड आणि पोलिसांच्या गराड्यातली ढकलाढकल, एवढाच शॉट असतो. सुटकेला तेवढ्या जवळून, तेवढा वेळ बघणारा कॅमेरा क्वचित असतो.

मालेगावची बैलगाडी

आणि त्याच मालेगावात या गोष्टीची दुसरी बाजूही आहे. पॉवरलूमचे गाव, शुक्रवारची सुट्टी, आणि सुट्टीच्या दिवशी सिनेमाला तुडुंब गर्दी. इथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २००० मध्ये ‘मालेगाव के शोले’ बनवला. डाकूंना घोडे मिळाले नाहीत म्हणून ते सायकलवर आले. पुढे फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. त्यात नासिर आणि त्यांचे साथीदार सुपरमॅनची मालेगावी आवृत्ती बनवताना दिसतात. नायक लूमवर काम करणारा एक सडपातळ कामगार. ट्रॉली नाही, म्हणून कॅमेरा घेऊन सायकलवर बसायचे आणि मागून कुणीतरी ढकलायचे. क्रेन नाही, म्हणून बैलगाडीचा उपयोग क्रेनसारखा करायचा. अलीकडे या मंडळींवर ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा हिंदी चित्रपटही आला.

लोक हे बघून हसतात आणि हसावे असेच ते आहे. पण मला त्यात बाबूराव पेंटरांचा वारसा दिसतो. यंत्र नाही म्हणून अडून न बसता, आहे त्यातून कॅमेरा घडवायचा किंवा हलवायचा, ही कोल्हापूरची जिद्द ऐंशी वर्षांनी मालेगावात आली होती. ती बैलगाडी जेव्हा वर उचलली गेली, तेव्हा मालेगाव वरूनही दिसले असेल. पण त्या उंचीवरून बघणारा माणूस त्याच गल्लीतला होता. खाली कोण उभा आहे, कुणाची पोरं ओरडताहेत, कुणाचे दुकान बंद आहे, हे त्याला नावानिशी माहीत होते. म्हणून तिथला हाय अँगल पाळतीचा झाला नाही.

आज प्रत्येक घरात कॅमेरा आहे. आपली मुले दिवसाला दहा व्हिडिओ काढतात. त्यांना वाईट सिनेमे पाहू नका, एवढेच सांगून भागणार नाही. त्यांना बघायला शिकवावे लागेल. कोणतेही दृश्य समोर आले की तीन साधे प्रश्न विचारावेत. मी आत्ता कुठे उभा आहे, घरात की घराबाहेर? चेहरा कुणाचा दिसतो आणि कुणाची फक्त पाठ? आणि ही दोन माणसे एका चौकटीत का नाहीत? हे प्रश्न दुसऱ्यांच्या चित्रपटांना विचारायचे तसेच आपण काढलेल्या व्हिडिओंनाही विचारायचे. आपणही मोहल्ल्यातल्या गरिबाला, बाईला, दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्याला कधीकधी गच्चीवरूनच टिपतो.

साहेबमामा फत्तेलाल यांनी देहूचे अंगण उभारले आणि दामल्यांसह कॅमेरा तिथेच, बसलेल्या माणसांच्या उंचीवर ठेवला. त्यांना कुणी विचारले नाही की तुम्ही कोण. आज आपल्या अंगणात येऊन कुणी असाच कॅमेरा लावील, याची वाट बघत बसण्यापेक्षा आपल्या एखाद्या मुलाने शेजारच्या अंगणात जाऊन तो लावावा. परवानगी मागून, चपला बाहेर काढून, त्यांच्या उंचीवर बसून.